पायदानापुरता उजेड

सुरत शहराला झगमगाटाचे वावडे कधीच नव्हते. जरीचा धागा, हिऱ्याचा पैलू आणि कापडबाजारात गादीवर उलगडलेली साडी, या तिन्हींचे मोल त्यांवर उजेड कसा पडतो यावर ठरते. तेव्हा येथल्या माणसाला दिव्यांची हौस असावी यात नवल नाही. ती हौस हल्ली गाड्यांवरही उतरली आहे. रविवारी संध्याकाळी डुमसच्या रस्त्याला जावे, तर पोटाखालून निळा, जांभळा, हिरवा उजेड सांडत जाणाऱ्या उंच गाड्या दिसतात. एखादी तर गाण्याच्या ठेक्यावर रंग पालटते. लग्नाच्या वरातीतला नवरदेव उतरून गेला आणि गाडी तशीच पुढे निघाली, असे वाटावे!

आमच्याही गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पायदानांपाशी दिवे लागले आहेत, ही वार्ता आप्तस्वकीयांत पसरली तेव्हा 'या वयात हे काय?' असा प्रश्न पुष्कळांनी केला. काहींनी तो आमच्या तोंडावर केला, काहींनी आमच्यामागे. त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच. दिवे कसे बसविले, कोठे बसविले, याची हकीकत थोडी तपशिलात शिरते. परंतु ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस आहे आणि दारात उंच गाडी आहे, त्यांना ती कंटाळवाणी होणार नाही अशी आशा आहे.

आमचे घराणे मूळचे खानदेशातले. तापीच्या काठाकाठाने माणसे जशी सुरतेस आली तशीच आमचीही आली आणि नानपुऱ्यात स्थिरावली. चार पिढ्या झाल्या. घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि भाजीवालीशी दोहोंची खिचडी, असा आमचा व्यवहार. कोजागरीला आटीव दूध आणि दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, सुरती घारी. दोन्ही आम्हांला सारखीच आपली. मात्र कुलदेवता एकच, धुळ्याची एकवीरा. पांझरेच्या काठी असलेल्या तिच्या देवळात नवरात्रात एकदा जाऊन यायचे, हा आमच्या घरचा नेम. आणि हा नेम ज्यांनी आजवर चालविला त्या आमच्या आत्या. वय वर्षे एकोणऐंशी. महापालिकेच्या मराठी शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकविले. लग्न केले नाही. भावाचा संसार तोच आपला मानला. त्यांच्या हातची छडी खाल्लेली माणसे आज लिंबायत, उधना, डिंडोली भागांत नातवंडे खेळवीत आहेत, आणि रस्त्यात भेटली की अजूनही सरळ उभी राहतात.

आमच्या चिरंजिवांनी जी गाडी घेतली ती जीपच्या वंशातली. हा वंश मूळचा लष्करी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीस जीप तयार झाली, आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रांनी ती आपल्या देशात जोडून विकावयास प्रारंभ केला. पोलीस, जंगलखाते, पाटबंधाऱ्याचे साहेब आणि निवडणुकीतले उमेदवार या सर्वांना तिने वाहिले. २०१० साली त्याच घरातून 'थार' निघाली आणि २०२० साली तिचा नवा अवतार आला, ज्याचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ इंच, वर आहे. डांगच्या रानवाटांवर आणि पावसाळ्यातल्या ओहोळांत उंची हाच गाडीचा गुण. चिरंजिवांना आहवा, वघई, सापुतारा या बाजूंस भटकण्याचा नाद असल्याने त्यांची निवड रास्त होती. तथापि या जातीची गाडी ज्या पायांसाठी जन्मली ते पाय सैनिकाचे होते. उडी मारून बसावे, उडी मारून उतरावे. नऊवारीतल्या किंवा पाचवारीतल्या पायाचा विचार तिच्या आदिपुरुषाने केला असण्याचे कारण नव्हते.

आम्ही टेप घेऊन मोजले. जमिनीपासून बाजूच्या पायदानापर्यंत पंधरा इंच, आणि पायदानापासून गाडीच्या तळापर्यंत आणखी नऊ. आमच्या घराच्या जिन्याची पायरी सात इंचांची आहे. म्हणजे पहिलेच पाऊल दोन पायऱ्यांएवढे. टांग्याचे दिवस आठवणारे वाचक सांगतील की टांग्यालाही चढणे होते. परंतु टांग्याचे पायदान ठेंगणे असे, आणि टांगेवाला हात द्यायला हजर असे.

दिवसा आत्या या गाडीत बिनतक्रार चढत. दाराच्या आतल्या मुठीला एक हात, दुसऱ्या हातात काठी, आणि 'थांबा, घाई करू नका' असा आम्हांलाच दम. प्रश्न रात्रीचा होता. दोन वर्षांपूर्वी धुळ्याहून परत येताना कोंडाईबारीचा घाट ओलांडल्यावर आम्ही चहासाठी थांबलो. गाडी ढाब्याच्या दिव्यांपासून जरा दूर, अंधारात लागली होती. आत्यांनी दार उघडले आणि पाय खाली सोडला. पायदान काळे, त्यावरचे रबर काळे, खालची माती काळी आणि रात्रही काळी. पाय हवेत इकडेतिकडे पायदान शोधीत राहिला. तेवढ्यात चिरंजिवांनी धावत येऊन त्यांना दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवले. पडल्या नाहीत, लागले नाही. पण एखादे पोते उतरवावे तसे आपल्याला चारचौघांत उतरविले गेले, हे त्यांच्या मनातून गेले नाही. चहा त्यांनी घेतला नाही.

पुढल्या नवरात्रात त्या म्हणाल्या, "या वर्षी तुम्ही जाऊन या. माझे गुडघे बरोबर नाहीत." गुडघे बरोबर होते. त्याच आठवड्यात त्या सकाळी चौपाटीच्या बागेत दोन फेऱ्या घालून येत होत्या, आणि दिवसाउजेडी त्याच गाडीत बसून चष्मेवाल्याकडेही गेल्या होत्या. धुळे येथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. ऊन आणि मालमोटारींची गर्दी टाळायची तर पहाटे चारला निघावे लागते, आणि दर्शन, नैवेद्य, गावातली दोन घरे करून परतताना रात्र होतेच. म्हणजे चढणे अंधारात आणि उतरणेही अंधारात. आत्या पायरीला नव्हे, न दिसणाऱ्या पायरीला भीत होत्या, हे आम्हांस स्पष्ट दिसत होते. त्यांना तसे बोलून दाखविण्याची सोय नव्हती. मास्तरीण बाईंना भीती वाटते हे घरात कोणी म्हणायचे? त्या वर्षी आम्ही ओटी घेऊन गेलो, आणि देवळात पुजाऱ्यांनी पहिला प्रश्न केला तो आत्यांविषयीच.

डोळ्यांविषयी थोडे. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पूर्वीच काढले होते आणि त्या वर्तमानपत्र बारीक अक्षरांसह वाचतात. मग अंधारात का दिसू नये? याचे कारण असे की म्हातारपणी डोळ्याची बाहुली तरुणपणाइतकी मोठी होत नाही. अंधारातही ती आकसलेलीच राहते आणि उजेड आत कमी जातो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने तिसरा हिस्साच उजेड पोहोचतो, असे या विषयाचे जाणकार मानतात. मोतीबिंदू काढल्याने भिंग स्वच्छ होते, पण बाहुली काही तरुण होत नाही. शिवाय उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावण्यास कोणालाही अर्धा तास लागतो, आणि वय वाढते तसा हा वेळही वाढतो. ढाब्याच्या ट्यूबलाइटकडे पाहून मग अंधाऱ्या पायदानाकडे पाहावे, तर तेथे काहीच नसते. घरात विजेरी होती. पण एका हातात काठी, दुसऱ्या हातात दाराची मूठ, मग विजेरी कोणत्या हाताने धरावी? दुसऱ्याने धरावी, तर ते पुन्हा दुसऱ्याच्या हातून उतरणे झाले.

म्हणून दिवा गाडीलाच हवा, असे ठरले. आम्ही प्रथम गाड्यांचे शोभेचे सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील तरुणाने मोठ्या उत्साहाने एकामागून एक डबे उघडले. सोळा रंगांची पट्टी, तिचा रिमोट, आवाजाबरोबर नाचणारी पट्टी, दार उघडताच जमिनीवर कंपनीचे चिन्ह उमटविणारा दिवा! आम्ही 'आत्यांना उतरताना पायरी दिसावी' एवढेच मागत होतो. ते मात्र त्याच्या कोणत्याच डब्यात नव्हते. तरी त्याने नमुन्यादाखल एका बाजूला पांढरी पट्टी लावून दाखविली. पायदानाच्या बाहेरच्या कडेला, तोंड बाहेर. वायर दोन पिळ्यांनी जोडून वर काळी चिकटपट्टी, आणि टोक सरळ बॅटरीला. फ्यूज नाही. रस्त्याच्या पलीकडून पाहता गाडी राजवाड्यासारखी दिसत होती. आत्यांना आणून दाखविली तेव्हा त्या म्हणाल्या, "हा उजेड माझ्या डोळ्यांत येतो. पायाखाली तर पूर्वीपेक्षा जास्त अंधार आहे." दिव्याखाली अंधार ही म्हण इतकी शब्दशः खरी होताना आम्ही प्रथमच पाहिली. त्याच संध्याकाळी पट्टी काढून परत दिली.

मग कोणीतरी उधन्याच्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रींचे नाव सुचविले. मालमोटारींचे आणि ट्रॅक्टरांचे वायरिंग करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांचे दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, एक बाक आणि भिंतीला टांगलेली वायरींची भेंडोळी. आमचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि गाडीकडे न पाहताच म्हणाले, "पहेलां बाने पूछो." आधी आजींना विचारा. आम्ही म्हटले, त्यांच्यासाठीच तर हे चालले आहे. ते म्हणाले, तर मग त्यांना घेऊन या, आणि दिवसा नको, दिवेलागणीनंतर या. उजेडाचे काम उजेडात करून काय कळणार?

श्रावणातली ती रात्र आम्हांस नीट आठवते. पाऊस नुकताच उघडला होता. मिस्त्रींनी टपरीतला दिवा मालवला आणि गाडी अंधारात उभी केली. हातात एक बारा व्होल्टची बॅटरी, तिला लांब वायरींनी जोडलेले दोन लहान दिवे. आत्यांना पुढल्या बैठकीवर बसविले आणि दार उघडून ते दिवा वेगवेगळ्या जागी धरू लागले. पायदानाच्या बाहेर धरला, आत्या म्हणाल्या, "नको." दाराच्या आतल्या बाजूस धरला, दार पुरते उघडले की उजेड मागे निघून जाई. मग त्यांनी दिवा गाडीच्या उंबरठ्याखाली, म्हणजे पायदान आणि गाडीचे अंग यांच्या मधल्या खाचेत, तोंड खाली करून धरला. दिवा स्वतः दिसेनासा झाला. पायदान मात्र दिसले.

"थोडे दिसते," आत्या म्हणाल्या, "पण कड दिसत नाही. फळी कोठे संपते?"

अडचण खरी होती. काळे रबर उजेड गिळून टाकते. त्यावर दिवा कितीही ओता, काळ्याचे काळेच. मिस्त्रींनी टपरीतून खडू आणला आणि पायदानाच्या बाहेरच्या कडेला एक जाड पांढरी रेघ ओढली. खडू पाहून आत्यांचा चेहरा उजळला असे आम्ही लिहिले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल, पण त्यांनी "हं, आता ठीक" असे जे म्हटले ते शाळेतल्या सुरात म्हटले. कायमची म्हणून त्या जागी पुढे फिकट पिवळी खरबरीत पट्टी चिकटविली, जी कारखान्यांच्या लोखंडी जिन्यांवर लावतात. पाय घसरत नाही आणि कड दिसते. आमच्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी वस्तू हीच, आणि तिला वीजही लागत नाही.

यानंतर आत्यांनी जे विचारले ते आम्हां कोणाच्या मनात आले नव्हते. "पायदान दिसले, पण त्याच्या खाली काय आहे? गटार आहे, की चिखल, की दगड?" उतरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी दिसाव्या लागतात: ज्यावर पाय ठेवायचा ती फळी, आणि ज्यावर त्यानंतर ठेवायचा ती जमीन. दुसरा दिवा पायदानाखाली, किंचित बाहेरच्या बाजूस कललेला, असा बसला तो त्यांच्या या प्रश्नामुळे. आकारास तो रुपयाहून थोडा मोठा. रंगाचाही प्रयोग झाला. शुभ्र निळसर दिवा आम्हांस अधिक लख्ख वाटला. आत्यांना तो बोचला. निळा उजेड डोळ्यात अधिक विखुरतो आणि म्हाताऱ्या डोळ्यांना चकाकी जास्त जाणवते. त्यांनी पिवळसर दिवा पसंत केला, ज्याला बाजारात 'वॉर्म व्हाइट' म्हणतात.

येथे या दिव्यांच्या कुळाविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह होतो. आमच्या तरुणपणी एलईडी म्हणजे टेपरेकॉर्डरवरचा तांबडा ठिपका, याहून अधिक काही नव्हते. तो तांबडा दिवा १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केला. हिरवा झाला, निळा काही केल्या होईना, आणि निळ्यावाचून पांढरा नाही. निळ्याचे कोडे जपानी शास्त्रज्ञांनी सोडविले, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज पांढरा म्हणून जो दिवा मिळतो तो पोटात निळाच असतो. वरच्या पिवळ्या लेपामुळे दोन्ही रंग मिसळून आपल्याला पांढरा भासतो. लेप जसा, तसा उजेड पिवळसर. आत्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे निळा डोळ्यांत बोचतो ते उगीच नाही."

आता वायरिंग. हा भाग रुक्ष आहे, परंतु गाडीला आग लागण्याचा प्रश्न येथेच असतो, म्हणून टाळता येत नाही. एका बाजूचे दोन दिवे मिळून पाच वॉट, दोन्ही बाजूंचे दहा. बारा व्होल्टवर हा प्रवाह एक अँपिअरहूनही कमी. पुढल्या एका साध्या हॅलोजन दिव्याला ५५ वॉट लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा भार किती नगण्य आहे ते कळेल. म्हणून काही लोक म्हणतात, फ्यूज कशाला? मिस्त्रींचे उत्तर असे की फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. दिवा एक अँपिअर ओढील. पण वायर कोठे पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी शंभरावर अँपिअर ओतायला मागेपुढे पाहणार नाही, आणि बारीक वायर विस्तवासारखी लाल होईल. त्यांनी बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत तीन अँपिअरचा फ्यूज घातला. दार उघडल्याची खूण गाडीच्या मूळ वायरींतून घेतली ती केवळ एका लहान रिलेपुरती. दिव्यांचा प्रवाह त्या वायरींतून जातच नाही. हल्लीच्या गाड्यांत या वायरी एका संगणकवजा पेटीकडे जातात. त्या कापल्या वा त्यांवर भार टाकला तर पेटी रुसते, आणि कंपनीची हमीही धोक्यात येते. त्यांनी एकही मूळ वायर कापली नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मीटर लावून दाखविली. बारा व्होल्टची म्हणून जी स्वस्त पट्टी मिळते तिच्यात तीन तीन दिवे एका माळेत आणि सोबत एक रोधक, अशी रचना असते. तीन दिवे मिळून साडेनऊच्या आसपास व्होल्ट घेतात. उरलेले अडीच रोधकावर पडतात. पण इंजिन चालू झाले की गाडीची वीज बारा राहत नाही, चौदा-सव्वाचौदापर्यंत चढते. दिवे आपला हिस्सा फारसा वाढवीत नाहीत. वाढ बहुतेक सगळी रोधकावर पडते, आणि प्रवाह दुपटीजवळ जातो. पट्टी तापते आणि काही महिन्यांत मधले मधले दिवे मरू लागतात. रस्त्यावर अर्धी विझलेली निळी नक्षी दिसते तिचे रहस्य हे. यासाठी प्रवाह स्थिर ठेवणारा छोटा ड्रायव्हर मध्ये घालावा लागतो. किंमत किरकोळ. दुकानदार तो सांगत नाहीत, कारण गिऱ्हाईक तो विचारीत नाही.

पाण्याविषयी सुरतकरांना शिकवायला नको. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी तापीतून शहरात शिरले तेव्हा ज्यांनी घरातली वस्तू माळ्यावर चढविली, त्यांना पाणी कोठून कोठे जाते हे पुरते ठाऊक आहे. दिव्यांच्या डबीवर 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. त्यातला सहा हा आकडा धुळीविषयी आणि सात पाण्याविषयी. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल. डबी टिकते, परंतु जोड टिकला पाहिजे ना? डुमसची खारी हवा आणि डांगचा चिखल तांब्याच्या उघड्या टोकाला महिन्याभरात हिरवे करून सोडतात. मिस्त्रींनी प्रत्येक जोड डाग देऊन केला, वर आकसणारी नळी चढविली आणि वायर दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, जेणेकरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाशी टपकून जावे, आत शिरू नये. घराच्या वळचणीचे शहाणपण ते हेच.

कायद्याचीही चौकशी केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ही गोष्ट पुन्हा ठामपणे सांगितली. आम्ही गाडीचे अंग कोठे कापले नाही, वाढविले नाही, रंग बदलला नाही. दिवे दार उघडल्यावरच लागतात, दार मिटल्यावर अर्ध्या मिनिटात विझतात, आणि चालत्या गाडीला तर लागूच शकत नाहीत. लाल-निळ्या उघडझाप करणाऱ्या दिव्यांची गोष्ट वेगळी. ते रुग्णवाहिकेच्या आणि पोलिसांच्या हक्काचे आहेत, हौसेचे नव्हेत. ज्यांच्या पोटाखाली ते दिसतात त्यांना आम्ही काय सांगणार? परंतु रात्री मागून येणाऱ्याला ते फसवितात, एवढे खरे.

सर्व मिळून खर्च अडीच हजारांच्या आत आला. मिस्त्रींनी मजुरी सांगताना आत्यांकडे पाहिले, आणि आत्यांनी ती एका दमात मान्य केली. घासाघीस न करता त्यांनी काही विकत घेतल्याचे आमच्या स्मरणात नाही.

त्या नवरात्रात, ललितापंचमीच्या पहाटे, आम्ही धुळ्यास निघालो. गल्लीतला महापालिकेचा दिवा नेमका बंद होता. चिरंजिवांनी दार उघडले आणि सवयीने हात पुढे केला. आत्यांनी त्या हातात आपली पिशवी दिली. काठी गाडीत टेकली, पिवळ्या कडेवर पाऊल ठेवले, मुठीला धरले आणि बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. आम्हीही विषय काढला नाही. बारडोली, व्यारा, मग गायकवाडांचे सोनगड मागे टाकीत नवापूरला पोहोचलो तेव्हा तांबडे फुटत होते. रात्री परत येताना साक्रीजवळ पेट्रोल भरायला थांबलो, तेथे त्या स्वतःहून उतरल्या. खाली कोणीतरी पाणी सांडले होते. ते त्यांनी पाहिले, पाऊल जरा पुढे टाकले आणि चार पावले चालून आल्या. "पाय मोकळे केले," म्हणाल्या.

चंदनी पडव्याला सगळी सुरत चांदण्यात घारी आणि भुसू खायला बाहेर पडते. डुमस रस्त्याच्या कडेला जागा मिळेल तेथे सतरंज्या पसरलेल्या असतात. तेथे आमच्या गाडीचे दार उघडताच शेजारच्या कुटुंबातल्या मुलाने वाकून पाहिले आणि म्हणाला, "अरे, यात रंग बदलत नाहीत?" आत्यांनी त्याला घारीचा तुकडा दिला आणि काळ्या रबरावर उजेड का दिसत नाही, ते समजावून सांगण्यास आरंभ केला. मुलाने निम्मे ऐकले, पण घारी सगळी खाल्ली.

आत्यांच्या मावसबहिणीची मुलगी नवसारीस असते. तिच्याकडेही नुकतीच अशीच उंच गाडी आली आहे आणि तिच्या सासूबाई आत्यांच्याच वयाच्या. परवा दुपारी आत्या तिच्याशी फोनवर बोलत होत्या. खिडकीत कागद धरला होता. त्यावर त्यांनी पायदानाची आकृती काढली होती आणि मापे लिहिली होती. "दिवा उंबरठ्याखाली, तोंड खाली. बाहेर नको. कडेला पिवळी पट्टी. हो, रात्रीच बसवून पाहा. आणि सासूबाईंना समोर बसव, त्या सांगतील तेथेच लाव." मग जरा थांबून, पलीकडून काही विचारले गेले असावे, त्या ठासून म्हणाल्या, "फ्यूज तीनचा. दहाचा देतील, घेऊ नकोस."